तुबलीचं पाणी

हिलारियो चौदाव्या वर्षी पहिल्यांदा माडावर चढला आणि आता बासष्टीला आला होता. बानाहाव डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या त्या गावात एके काळी माडी काढणारे तीसेक जण होते. आता सहा उरले होते आणि त्या सहांत तोच सगळ्यात म्हातारा. त्याचे एक्केचाळीस माड होते. सकाळी पहिल्या माडावर चढायचं, पोयीचं, म्हणजे न उमललेल्या फुलोऱ्याचं, टोक कोयतीने पातळ कापायचं, रात्रभर ठिबकलेली माडी कमरेच्या नळकांड्यात ओतून घ्यायची आणि खाली न उतरता माडामाडांना बांधलेल्या बांबूंवरून पुढच्या शेंड्याकडे चालत जायचं. एक बांबू पायाखाली, एक हाताला. दुपार कलली की पोयी पुन्हा कापायला पुन्हा तोच फेरा. साठी झाली की थांबायचं असं त्याने बायकोला, पेलाग्याला, सांगून ठेवलं होतं. साठी येऊन गेली. मुलगी मनिलाला कपड्यांच्या कारखान्यात होती, जावई रिक्षा चालवायचा, त्यामुळे त्याच्या जागी बांबूवर उभं राहणारं कोणी नव्हतं. थांबण्याचा विषय मग दोघांनीही काढला नाही.

फेब्रुवारीत एका सकाळी बांबूवरून जाताना त्याची नजर शेजारच्या बागेवर गेली आणि तो मधेच उभा राहिला. सिल्वेस्त्रेच्या पाच-सात माडांचे शेंडे पिवळे पडले होते. म्हातारपणाने पडतात तसे एखाद-दुसरी झावळी लोंबून नव्हे, अख्खेच्या अख्खे. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच्या हद्दीवरच्या माडाची एक झावळी वाकवून उलटी केली. पानांच्या खालच्या अंगाला ओला कोंडा फासून वाळवावा तसा थर होता. नखाने खरवडलं तर प्रत्येक खवल्याखाली पिवळा, ओलसर ठिपका. जिवंत.

खवले कीड पलीकडच्या तालुक्यात असल्याचं सगळे ऐकून होते. तिथे डोंगरच्या डोंगर वाळले होते. आता ती इथे आली.

मार्चच्या सुरुवातीला शहरातून माणसं आली आणि चॅपलच्या अंगणात गाव जमलं. त्यांनी नीट समजावलं. माडाच्या खोडाला भोक पाडून औषध टोचायचं, भोक बुजवायचं, औषध आतून शेंड्यापर्यंत चढतं, पान खाणारा किडा मरतो. पैसे लागणार नाहीत. फक्त साठ दिवस त्या माडाचा नारळ खायचा नाही आणि माडी काढायची नाही. सिल्वेस्त्रेने सगळ्यांत आधी नाव दिलं. त्याचा धंदा खोबऱ्याचा, दोन महिने नारळ झाडावर राहिले तर त्याचं फारसं बिघडत नव्हतं. बाकीच्यांनीही नावं दिली. हिलारियो मात्र मागे भिंतीला टेकून उभा होता, तो तसाच उभा राहिला.

त्याचं म्हणणं सरळ होतं. नारळाला कवच असतं, माडी म्हणजे झाडाच्या अंगातलं पाणीच. ते लोक पितात, त्याची लांबानोग दारू गाळली जाते, लग्नाबारशाला तीच लागते. साठ दिवसांनी सगळं औषध निघून गेलं हे कोण चाखून सांगणार? शिवाय पोयी एकदा सोडून दिल्या की नव्या पोयी वाकवून, ठोकून, त्यांना वाहायला लावायला आणखी महिना-दीड महिना जातो. त्या वयात तो हे सगळं पुन्हा पहिल्यापासून करणार नव्हता.

सिल्वेस्त्रे त्याचा शेजारी, आणि त्याच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला तिला हातात धरणारा धर्मपिता. तेव्हापासून दोघं एकमेकांना पारे म्हणत. त्याने सगळ्यांसमोर तोंड सोडलं.

"तुझे माड म्हणजे किड्यांची खानावळ आहे, पारे. माझ्याकडे मरायचे वाचले ते तुझ्याकडे जेवायला येणार, आणि पोरंबाळं घेऊन परत माझ्याकडे राहायला."

"माझी माडी रोज संध्याकाळी कोण पितं?" हिलारियो म्हणाला. "तुलाच पाजू का ते औषध?"

लोक हसले. सिल्वेस्त्रे हसला नाही. गावची कप्तान, म्हणजे सरपंचच, रुफिना ही पंचेचाळिशीची बाई, शाळेत शिक्षिका होती, तिने दोघांना हाताने गप्प केलं. ती हिलारियोला म्हणाली की वाऱ्यावर उडणाऱ्या किड्याला हद्द कळत नाही, त्यामुळे तुमच्या माडांचा प्रश्न तुमच्या एकट्याचा नाही. टोचायचं नसेल तर दुसरं काही करा, पण ईस्टर उलटल्यावर मी स्वतः येऊन पानं बघणार, आणि कीड असेल तर टोचणं नाहीतर तोडणं, तिसरी वाट नाही. सहा आठवडे मिळाले. हिलारियोने मान हलवली आणि टोपी घालून घरी गेला.

दुसरं काय करायचं ते बेनिताने सांगितलं. ती सत्तरीची विधवा, ओढ्याच्या खालच्या अंगाला राहायची. तिची तिलापिया माशांची दोन तळी होती. वरच्या तळ्यात ओढ्याचं पाणी पाट काढून घेतलेलं, त्यातून ते खालच्या तळ्यात जायचं. मे महिन्यातल्या सान इसिद्रोच्या जत्रेला सगळं गाव तिच्याकडूनच मासे न्यायचं. तिचा नवरा होता तेव्हा म्हशींच्या गोचिडांवर तुबलीच्या मुळांचं पाणी लावायचा. तुबलीची ती वेल अजून तिच्या कुंपणावर होती.

हिलारियो तिला आते म्हणायचा, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. तिने त्याला कुंपणाशी बसवून सगळं सांगितलं. गिरिपुष्पाचा पाला दोन रात्री पाण्यात भिजवायचा, कुसला की गाळायचा. तुबलीची मुळं ठेचून त्यांचं दूध त्यात पिळायचं. कपडे धुवायच्या साबणाची वडी किसून घालायची, म्हणजे ते पानाला धरून राहतं. आणि फवारा पानाच्या खालून मारायचा, वरून मारलं तर नुसती अंघोळ.

"आणि एक ऐक," ती म्हणाली. "हे किड्याला मारतं तसंच माशाला मारतं. जुने लोक यानेच नदीत मासे धरायचे. पिंप, पंप, कपडे, जे काय धुशील ते वर तुझ्या घरामागे धू, खड्ड्यात. ओढ्याला हात लावू नकोस."

"तेवढी अक्कल आहे मला, आते."

"अक्कल आहे म्हणून तर देतेय," बेनिता म्हणाली आणि कोयती घेऊन मुळं खणायला वाकली.

काम बोलण्याइतकं सोपं नव्हतं. पेलाग्या सकाळी गिरिपुष्पाच्या फांद्या तोडून आणायची आणि पाला ओरबाडून पिंपात भरायची. दोन दिवसांनी त्याला असा वास सुटायचा की कोंबड्यासुद्धा अंगणाच्या दुसऱ्या टोकाला जायच्या. तुबलीची मुळं दगडावर ठेवून लाकडी मोगरीने ठेचावी लागत. पांढरं दूध उडायचं, त्याने ओठ बधिर व्हायचे. जेवताना पेलाग्या म्हणायची की मी भात खातेय की भुसा, मला कळत नाही, तू सांग. हिलारियोचेही ओठ बधिरच असत, म्हणून तो काही सांगू शकत नसे.

पंप सोळा लिटरचा होता. पाठीवर सोळा लिटर घेऊन बांबूवरून चालण्याचं वय गेलं होतं. पहिल्याच दिवशी मधल्या बांबूने कण्हल्यासारखा आवाज केला आणि तो होता तिथून मागे फिरला. त्यानंतर तो पंप अर्धाच भरायचा आणि प्रत्येक माडावर खालून चढायचा. वर पोचला की दोर सोडायचा, पेलाग्या खाली पंप बांधायची, तो ओढून घ्यायचा. मग झावळी काखेत धरून वाकवायची, फवाऱ्याची नळी उलटी करायची आणि खालून वर मारायचं. अर्धं पानाला लागायचं, अर्धं परत त्याच्याच तोंडावर. डोळे चुरचुरायचे, मानेला पुरळ उठायचं. एका माडाला पाऊण तास. दिवसाला सहा माड झाले की हात वर जाईनासे होत. एक्केचाळीस माड संपेपर्यंत आठवडा जायचा, आणि तोवर पहिल्या माडाची पाळी परत आलेली असायची.

त्यात माडीही होती. फवारलेल्या रांगेतली माडी निदान तीन दिवस काढायची नाही, हे त्याने स्वतःच ठरवलं होतं. तिथल्या पोयींवर केळीची पानं बांधून ठेवायची, त्यांची टोकं रोज कापायची पण जे गळेल ते खाली सोडून द्यायचं. म्हणजे एक रांग फवारायची, एक रांग थांबलेली, आणि उरलेल्यांची माडी. लांबानोग गाळणारा रोज अर्धीच भांडी घेऊन परत जायचा.

"टोचून घेतलं असतं तर दोन महिने माडी नव्हती," पेलाग्या एकदा म्हणाली. "आता अर्धी माडी आणि दुप्पट काम. फरक काय राहिला, मला समजावून सांग."

"झाडाच्या पोटात काही गेलं नाही, हा फरक."

"माझ्या पोटात गेलं," ती म्हणाली. त्याने विचारलं काय गेलं, तर तिने हात झटकले आणि मोगरी उचलली.

पहिल्या फेरीने काही झालं नाही. दुसऱ्या फेरीच्या मध्यावर डोंगरावरून दोन दिवस पाऊस उतरला आणि सगळं धुऊन गेलं, ती रांग पुन्हा करावी लागली. सिल्वेस्त्रे आपल्या बागेत झोळीत पडून हे सगळं बघायचा. त्याचे माड टोचून झाले होते आणि त्याला काही करायचं नव्हतं. कधी कधी तो झोळीतूनच ओरडून विचारायचा, "पारे, आज कोणाला अंघोळ घातलीस?" हिलारियो पुढची झावळी काखेत धरायचा.

तिसऱ्या फेरीनंतर मात्र त्याने नखाने खरवडून पाहिलं तेव्हा दहांतल्या सहा खवल्यांखाली कोरडी पूड निघाली. त्याने पुन्हा दुसऱ्या झावळीवर पाहिलं. तिथेही तेच. ते पान तोडून त्याने पेलाग्याला नेऊन दाखवलं. तिने ते उन्हात धरून बराच वेळ बघितलं, आणि मग तेवढ्यापुरता तिचाही थकवा उतरलेला दिसला. ईस्टरला बारा दिवस राहिले होते.

चौथी फेरी चालू असताना पेलाग्याला ताप आला. दोर बांधायला खाली कोणी नव्हतं, म्हणून तो अर्धा भरलेला पंप पाठीवर घेऊनच चढू लागला. त्या गुरुवारी त्याने ओढ्याकाठच्या रांगेतले सात माड केले. पाण्याची ने-आण नको म्हणून पिंप तिथेच आणून ठेवलं होतं. सातव्या माडावरून उतरला तेव्हा ऊन कलंडलं होतं आणि त्याचा उजवा गुडघा वाकत नव्हता. पिंपाच्या तळाशी वीतभर पाणी आणि मुळांचा चोथा उरला होता. घरामागचा खड्डा चढावर होता, शंभरेक पावलं.

त्याने पिंपाला हात घातला. उचललं, दोन पावलं टाकली, खाली ठेवलं. त्याला वाटलं, एवढंसं तर आहे. ओढा वाहता आहे, जाईल वाहून. वाटलं असंही नाही म्हणता येणार, कारण विचार करायलासुद्धा काहीतरी शिल्लक लागतं. त्याने पिंप कलतं केलं, सगळं ओढ्यात सोडलं, ओंजळीने पाणी मारून आतून धुतलं आणि पालथं घातलं. घरी जाऊन पेलाग्याला पेज करून दिली, स्वतः सुक्या माशाबरोबर भात खाल्ला आणि पडला.

एप्रिलचा ओढा वाहता होता, पण घोट्याएवढाच.

सकाळी तो माडी उतरवायला चढला. तिसऱ्या माडावरून चौथ्याकडे जाताना खाली बेनिताचं तळं दिसायचं. त्या सकाळी तळ्यावर कागदाचे कपटे पसरल्यासारखे दिसले. पांढरे, लहान-मोठे, सगळ्या तळ्यावर. त्याला वाटलं, कोणीतरी वर्तमानपत्र फाडून टाकलंय. मग एक कपटा हलला, उलटला आणि पुन्हा पांढरा झाला. हिलारियोने हातातला बांबू घट्ट धरला. कितीतरी वेळ त्याला ना पुढे जाता आलं ना मागे.

त्याने फेरा पुरा केला. राहिलेल्या पोयी कापल्या, माडी ओतून घेतली, उतरला, घरी आला. पेलाग्याचा ताप उतरला होता. तिने विचारलं, चेहरा असा का? तो म्हणाला, गुडघा. खाली ओढ्याकडून बायकांचे आवाज येऊ लागले होते. पेलाग्या उठून कुंपणाशी गेली आणि बातमी घेऊन आली. बेनिताचं वरचं तळं संपलं होतं. खालच्यातलेही निम्मे मासे गेले होते. आणि तुबलीनेच मेले, म्हणाली, सगळे तसंच म्हणतायत, कल्ले बघून कळतं. सिल्वेस्त्रेने केलं.

"सिल्वेस्त्रेने?"

त्याच्यावर यायला कारणं होती. तरुणपणी नदीत तुबली टाकून मासे धरताना त्याला दोनदा पकडलं होतं, अख्ख्या गावाला माहीत होतं. आणि मागच्याच महिन्यात पाटाच्या पाण्यावरून त्याचं आणि बेनिताचं भांडण झालं होतं. कप्तानने दोघांना दुपारी पंचायतीच्या खोलीत बोलावलं होतं. हिलारियो हे ऐकत होता आणि हातातल्या कोयतीची धार अंगठ्याने चाचपत होता. तेव्हाच बोलता आलं असतं.  न्याहारी पुढ्यात आली ती त्याने ढकलली नाही, पण खाल्लीही नाही. दुपारपर्यंत तो अंगणात पाल्याच्या ढिगाशेजारी बसून राहिला. पेलाग्याने त्याच्याकडे एकदा पाहिलं, मग ओढ्याच्या दिशेने पाहिलं, मग परत त्याच्याकडे. तिने आत जाऊन त्याचा धुतलेला सदरा आणून त्याच्या शेजारी ठेवला.

खोलीत पंखा घरघरत होता. बेनिता बाकावर ताठ बसली होती. चिखलाने तिचे पाय गुडघ्यापर्यंत माखले होते आणि ते धुवायचं तिच्या लक्षात आलेलं दिसत नव्हतं. सिल्वेस्त्रे समोर, टोपी मांडीवर. दाराशी पंधरा-वीस माणसं. कप्तान विचारत होती आणि सिल्वेस्त्रे एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होता, की मी नाही केलं. चाळीस वर्षांपूर्वी केलं होतं, ते कबूल. काल नाही. दाराशी कोणीतरी हसलं. त्या हसण्याने तो भडकला आणि त्याने हिलारियोकडे बोट दाखवलं.

"तुबली काय माझ्याच घरी आहे? याच्याकडे महिनाभर कुटतायत. याला का नाही विचारत?"

कप्तान काही म्हणायच्या आत बेनिता बोलली. "त्याला मुळं मी दिली. सांगून दिली. हिलारियो तसं करणार नाही."

 हिलारियोला बसायला जागा नव्हती, तो दाराच्या चौकटीला धरून उभा होता. गुडघा ठणकत होता. बेनिताने शिवी दिली असती तर सोपं झालं असतं, असं त्याला वाटलं.

"मी ओतलं," तो म्हणाला.

आवाज इतका लहान होता की कप्तानने काय म्हणून विचारलं.

"काल संध्याकाळी. पिंपातलं उरलेलं. ओढ्यात ओतलं."

 बेनिताने वळून त्याच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं न समजणं होतं.

"का?" ती म्हणाली.

हिलारियोने सांगायला तोंड उघडलं. खड्डा चढावर आहे, पेलाग्या आजारी होती, सात माड केले होते, पाणी थोडंच होतं. सगळं खरं होतं आणि यातलं एकही सांगण्यासारखं नव्हतं.

"दमलो होतो, आते."

दाराशी कोणी हसलं नाही. सिल्वेस्त्रे टोपी हातात फिरवत राहिला. आता त्याची पाळी होती, त्याला हवं ते बोलता आलं असतं, आणि सगळे त्याचीच वाट बघत होते. तो उठला, टोपी डोक्यावर घातली आणि हिलारियोच्या खांद्याला घासून बाहेर निघून गेला. हिलारियोला त्याची माफीही मागायची होती. ती तशीच राहिली.

कप्तानने ठरवून दिलं. हिलारियोने तळी उपसायची, मेलेले मासे पुरायचे, नवीन पिल्लं सोडेपर्यंत जे काम लागेल ते करायचं, आणि पिल्लं त्याने आणायची.  बेनिता घरी गेली आणि संध्याकाळपर्यंत तिने कुंपणावरची तुबलीची वेल बुंध्यापासून तोडून टाकली. हिलारियोने ती वाटेवर पडलेली पाहिली.

तळ्याला चार दिवस लागले. मासे एप्रिलच्या उन्हात दुपारपर्यंत सडायला लागत. तो आणि पेलाग्या टोपल्या भरून माळावर नेत, खड्डे खणत, चुना टाकत. बेनिता घरातच असायची. दुपारी पायरीवर पाण्याचा तांब्या ठेवलेला असायचा, ठेवताना ती कधी दिसली नाही. दुसऱ्या दिवशी सिल्वेस्त्रे जाळं आणि फावडं घेऊन आला आणि खालच्या तळ्यात उतरला. हिलारियो त्याच्याकडे बघतच राहिला.

"बघतोस काय," सिल्वेस्त्रे म्हणाला. "तुझ्या वेगाने सान इसिद्रो पुढच्या वर्षी येईल."

थोड्या वेळाने हिलारियो म्हणाला, "सकाळीच सांगायला हवं होतं मी. तुझं नाव आलं तेव्हाच."

"हवं होतं."

"पारे, मी..."

"ती टोपली इकडे कर," सिल्वेस्त्रे म्हणाला. त्याने ते पुढे ऐकून घेतलं नाही. पण काम संपेपर्यंत रोज आला, आणि त्यानंतरच्या आठवड्यात संध्याकाळी माडी प्यायला मात्र आला नाही. त्याला वेळ लागला.

घरातली मुळं संपली होती. गावात दुसरीकडे तुबली होती, मागितली असती तर मिळालीही असती, पण हिलारियोने मागितली नाही. उरलेल्या दिवसांत त्याने नुसता गिरिपुष्पाचा पाला आणि साबण वापरला. त्याचा जोर कमी होता. चार दिवस तळ्यात गेले होते, पाचवी फेरी अर्धीच झाली, आणि ईस्टर उलटल्यावर कप्तान ठरल्याप्रमाणे वही घेऊन आली. तिच्याबरोबर तो माडामागून माड फिरला, जिथे ती म्हणाली तिथली झावळी काढून दाखवली. तेवीस माडांवर कीड जवळपास मेलेली होती आणि मधल्या कोवळ्या झावळ्या हिरव्या निघत होत्या. सिल्वेस्त्रेच्या हद्दीकडच्या अकरांवर ती अजून जिवंत होती. सात माड गेल्यातच जमा होते.

तिला काही बोलावं लागलं नाही. सात तोडायचे, हे त्यानेच सांगितलं. अकरांना टोचा, असंही त्यानेच सांगितलं. ती म्हणाली, तेवीस वाचतील असं मलाही वाटलं नव्हतं. हिलारियोने त्यावर मान हलवली. त्याला वाद जिंकल्यासारखं वाटलं नाही आणि हरल्यासारखंही नाही. कधी एकदा ती जाते आणि आपण बसतो, एवढंच वाटत होतं.

अकरा माडांकडे जाणारे बांबू त्याने सोडवून खाली उतरवले, म्हणजे चुकूनसुद्धा त्या पोयींकडे पाय वळायला नको. तोडलेल्या सातांच्या जागी आभाळ उघडं पडलं. सकाळचा फेरा तेवीस माडांचा झाला. दहा-अकरा वाजता तो मोकळा होऊ लागला, आणि पेलाग्या म्हणाली की हे तरी बरं झालं. तो म्हणाला, हो. बरं झालं ते कोणत्या किमतीला, हे दोघांनाही ठाऊक होतं, तरी खुर्चीत बसून कॉफी पिताना गुडघा कमी दुखायचा, हेही खरं होतं. जत्रेला गावाने मासे बाजारातून आणले. बेनिता मिरवणुकीला आली नाही.

जूनमध्ये त्याने नवीन पिल्लं आणून तिच्या तळ्यात सोडली. ती पायरीवर बसून पाहत होती. सोडून झाल्यावर तो निघाला तेव्हा तिने मागून हाक मारली. तळ्याच्या बांधावर तिचे स्वतःचे चार माड होते, म्हातारे, फक्त घरच्या खोबऱ्यापुरते. त्यांच्या झावळ्यांखाली पांढरं आलं होतं. टोचणारी माणसं पुढच्या महिन्यात येणार होती आणि तोवर तिला थांबायचं नव्हतं.

"नुसता पाला आणि साबण," ती म्हणाली. "मी तळ्यावर ताडपत्री टाकीन. आणि खाली उभी राहीन."

हिलारियोने माडांकडे मान वर करून पाहिलं. तो सकाळपासून उभा होता. पूर्वी असतं तर त्याने लगेच हो म्हटलं असतं.

"आज नाही जमणार, आते. पाला भिजवायला हवा. आणि गुडघा..."

"आज कोण म्हणतंय," बेनिता म्हणाली. "परवा ये. परवा दमलेला असलास तर तेरवा ये."

तो परवा गेला. ऊन चढायच्या आत, पेलाग्याला बरोबर घेऊन. ताडपत्रीची चारही टोकं बेनिताने दगडांनी दाबली होती आणि ती हात मागे बांधून बुंध्याशी उभी होती, वर बघत, एक थेंब कुठे पडतो तेही बघत. तो पहिल्या माडावर चढला, पंप ओढून घेतला, झावळी काखेत धरून नळी उलटी केली. नेहमीसारखा पाऊण तास लागला. दुसऱ्यालाही तेवढाच. खाली उतरून त्याने तिसऱ्या माडाकडे पाहिलं आणि पंप पेलाग्याच्या हातात दिला.

"उरलेले दोन उद्या," तो म्हणाला.

बेनिता ताडपत्रीची घडी घालायला वाकली होती. तिने हो म्हटलं आणि एक टोक पेलाग्याकडे दिलं.